नैरोबीत इंटर्नशिपसाठी उतरतेय: पहिल्या दिवशी काय, कुठल्या क्रमाने करावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केनियात किसुमूजवळच्या एका संस्थेत दहा आठवड्यांची इंटर्नशिप ठरली आहे. मानधन नाही, किसुमूला राहायची सोय संस्थेची. मे अखेरीस मुंबईहून थेट विमानाने दुपारी नैरोबीला उतरेन, दोन रात्री वेस्टलँड्समध्ये भाड्याच्या खोलीत राहीन आणि मग किसुमूला जाईन. विमानतळावर घ्यायला कुणी येणार नाही.

आफ्रिकेत पहिल्यांदाच जातेय, त्यामुळे पहिला दिवस नीट पार पडावा एवढीच इच्छा आहे. इमिग्रेशनला काय विचारतात, कुठले कागद हातात हवेत? डॉलर किती न्यावेत, विमानतळावरच बदलावेत का? सिम आणि एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याची तिथली सोय) लगेच मिळतं का? खोलीपर्यंत कसं जावं? काम प्रत्यक्ष गावांत जाऊन घरोघरी माहिती गोळा करण्याचं आहे, त्यासाठी आधीच काही करायला हवं का, हेही कळलं तर बरं. संस्थेने ‘ई-टीए काढून या’ एवढंच कळवलं आहे.

---

गलबत

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दिवसाची खरी अडचण तिथेच आहे आणि ती इथून निघण्याआधीच सोडवावी लागते.

ई-टीए म्हणजे देशात येण्याची पूर्वपरवानगी. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ती लागू केली. शुल्क ३० डॉलर आणि वर कार्डाचं थोडं. निर्णयाला साधारण तीन कामाचे दिवस धरतात, पण दोन आठवडे हाताशी ठेवून अर्ज करा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गो डॉट केई’ने संपतो. शोधलं की त्याच्याआधी तशीच दिसणारी खाजगी संकेतस्थळं येतात आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. अर्जाला सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, फोटो, येण्या-जाण्याचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता लागतो.

पण ई-टीएवर काम करता येत नाही, आणि मानधन नाही म्हणून ते काम ठरत नाही असंही नाही. इंटर्नसाठी इमिग्रेशन खात्याचा वेगळा पास असतो. त्याचा अर्ज परदेशी नागरिकांसाठीच्या ऑनलाइन प्रणालीवर होतो आणि तो सहसा यजमान संस्थेच्या कागदपत्रांवर चालतो. म्हणून संस्थेला आजच ईमेलने तीन गोष्टी विचारा: पासचा अर्ज कोण करणार, कधी करणार, आणि मी येण्याआधी तो मंजूर झालेला असेल का. उत्तर लेखी घ्या. ‘आल्यावर बघू’ असं म्हणाले तर नेटाने मागे लागा. पकडलं गेल्यावर अडचण संस्थेपेक्षा पासपोर्ट ज्याचा त्याची जास्त होते.

घरोघरी माहिती गोळा करणार असाल तर ते संशोधनात मोडतं का, हेही तपासायला हवं. केनियात संशोधनासाठी ‘नाकोस्टी’ या राष्ट्रीय आयोगाचा परवाना लागतो, आणि माणसांकडून आरोग्याची माहिती घ्यायची तर नैतिकता समितीची मंजुरीही. संस्थेच्या चालू प्रकल्पाला दोन्ही असतील तर त्यात तुमचं नाव घालता येतं का, ते विचारा. आपल्या प्रबंधासाठी तीच माहिती वापरायची असेल तर हा प्रश्न अजिबात सोडू नका.

आता इमिग्रेशनचा काउंटर. रांगेत शिरण्याआधी हातात ठेवायचं ते असं: पासपोर्ट, ई-टीएची छापील प्रत, संस्थेचं पत्र, परतीचं तिकीट, खोलीचं बुकिंग. फोनमधली प्रत पुरत नाही. बॅटरी संपते, नाहीतर विमानतळाचं वाय-फाय लागत नाही. पत्र संस्थेच्या नावाच्या कागदावर असावं आणि त्यात तारखा, किसुमूचा पत्ता आणि उचलला जाईल असा स्थानिक फोन नंबर असावा. अधिकारी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, कशासाठी आलात आणि कुठे राहणार एवढं विचारतात. उत्तर खरं आणि एका वाक्यात द्या. ‘पर्यटन’ सांगायचं आणि पिशवीतून इंटर्नशिपचं पत्र निघायचं, हा प्रकार नको.

शिक्का मारून पासपोर्ट परत मिळाला की तिथेच उभं राहून शिक्का वाचा. किती दिवस दिलेत ते त्यावर लिहिलेलं असतं. दहा आठवडे म्हणजे सत्तर दिवस, आणि कमी दिवस लिहिले असतील तर ते दुरुस्त करून घ्यायची सोपी जागा तो काउंटरच. नंतर मुदत वाढवायला अर्ज, शुल्क आणि वाट पाहणं आलं. मुक्काम नव्वद दिवसांच्या पुढे गेला तर परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणी लागते, तुम्हाला ती वेळ येणार नाही.

कस्टमला बॅग स्कॅन होते. संस्थेने कुणाकरवी तपासणी किट, टॅब, नवं उपकरण असं काही न्यायला सांगितलं असेल तर बिल आणि संस्थेचं पत्र सोबत हवं. नवाकोरा खोका दिसला की विचारणा होतेच.

---

तांबडं_फुटलं

पैसे आणि फोन यांबद्दल लिहिते. केनियात या दोन गोष्टी एकच आहेत, म्हणून एकत्रच.

भारतीय रुपये नेऊ नका, तिथे त्यांना भाव नाही. डॉलरच्या नोटा ५० आणि १०० च्या घ्या. लहान नोटांना दर कमी मिळतो. नोटा कोऱ्या, शाईचा डाग किंवा फाटका कोपरा नसलेल्या आणि शक्यतो २०१३ नंतरच्या मालिकेतल्या असाव्यात. जुन्या मालिकेच्या नोटा पुष्कळ ठिकाणी सरळ परत करतात.

विमानतळावर फक्त ५० डॉलर बदला. डॉलरला १२९ शिलिंगच्या आसपास दर गेले बरेच महिने टिकून आहे, म्हणजे विमानतळावरचा थोडा कमी भाव धरूनही सहा हजारांवर शिलिंग हातात येतात. त्यात सिम आणि डेटा, टॅक्सी, पाणी आणि रात्रीचं जेवण सहज भागतं. बाकीचे डॉलर शहरात बदला किंवा एटीएम वापरा. नोटा मोजताना मालिका पाहा: २०१९ पासूनच्या सगळ्या नोटांवर नैरोबीतली केआयसीसी या परिषद केंद्राची गोल उंच इमारत आहे, माणसाचा चेहरा मोठा दिसत नाही. जुनी १,००० ची नोट ३० सप्टेंबर २०१९ नंतर बाद झाली आहे, कुणी दिली तर घेऊ नका. आणि काउंटरवर मुद्दाम १०० आणि २०० च्या नोटा मागून घ्या. हजाराची नोट सुटी करायला टपरीवाल्याकडे पैसे नसतात.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून तो मुळात बंदच असतो. एटीएमने ‘तुमच्या चलनात रक्कम आकारू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, शिलिंगमध्येच घ्या. भारतातलं सिम दुसऱ्या खाचेत चालू ठेवा आणि त्यावर रोमिंग निघण्याआधी सुरू करा. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार आणि रोमिंग परदेशातून सुरू करायला गेलं की त्यालाही ओटीपी लागतो.

सिम सफारीकॉम या मोबाइल कंपनीचं घ्या, किसुमूच्या आसपासच्या गावांत त्याचीच रेंज भरवशाची. बाहेर पडायच्या दालनात काउंटर असतो. मूळ पासपोर्ट लागतो, फोटो काढतात. काउंटरवरच म्हणा: सिम, डेटा आणि एम-पेसा नोंदणी. तिघांपैकी तिसरं सांगितलं नाही तर कधी कधी राहून जातं. नोंदणीनंतर सुरुवातीचा पिन संदेशाने येतो, तो बदलून आपला चार आकडी पिन ठेवायचा. पिन ठेवताना काउंटरवरच्या माणसाच्या हातात फोन देऊ नका. मदत करायची त्याची भावना चांगली असते, पण पिन आपणच दाबायचा. मग *१०६# लावून आपल्या पासपोर्टवर किती नंबर नोंदले गेलेत ते पाहा. एकच दिसायला हवा.

पैसे भरायचे ते एजंटकडे. हिरव्या पाटीचं दुकान चौकाचौकात आहे. नंबर सांगायचा, ओळखपत्र दाखवायचं, नोटा द्यायच्या आणि संदेश आल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही. भरायला शुल्क नाही, काढायला आहे, म्हणून लागतील तेवढेच भरा आणि मोबाइलमधूनच खर्च करा.

दुकानात दोन तऱ्हेचे नंबर दिसतील. ‘टिल’ म्हणजे त्या दुकानाचा नंबर, ‘बाय गुड्स’मध्ये जाऊन तो आणि रक्कम टाकायची. ‘पेबिल’ला दोन गोष्टी लागतात, संस्थेचा नंबर आणि खाते नंबर. विजेचं टोकन, बसचं तिकीट यांना बहुधा पेबिल असतं. पिन दाबण्याआधी किंवा दाबताक्षणी समोरच्याचं नाव पडद्यावर येतं. ते नाव मोठ्याने वाचा आणि दुकानदाराला विचारा. चुकीच्या माणसाला गेलेच तर तो संदेश लगेच ४५६ वर पुढे पाठवा, त्याने पैसे अडवण्याची विनंती नोंदते. समोरच्याने काढून घेतले की मग अवघड.

सर्वांत जास्त चालणारी फसवणूक अशी: ‘तुम्हाला ३,००० शिलिंग मिळाले’ असा संदेश येतो आणि मिनिटभरात रडवेल्या आवाजात फोन येतो की चुकून पाठवले, परत करा. खरा संदेश ‘एमपेसा’ या नावाने येतो, कुठल्या मोबाइल नंबरावरून नाही. आणि संदेशापेक्षा आपली शिल्लक पाहा. तिच्यात पैसे दिसत नसतील तर आलेच नाहीत.

---

रानजाई

इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. संस्थेला तिन्ही प्रश्न आत्ताच पाठवते. दोन शंका. विमानतळावर एम-पेसा होईपर्यंत सामान घेऊन उभं राहणं ठीक आहे का? आणि घरची मंडळी लोणचं, मेतकूट, थोडा कढीपत्ता आणि मेथीचे दाणे द्यायच्या तयारीत आहेत. प्लास्टिकबंदीचं ऐकलं आहे, ते कितपत कडक आहे?

---

वाटाड्या

एम-पेसाबद्दल माझं मत वरच्यापेक्षा वेगळं आहे. रांग लहान असेल तर करून घ्या. पण एकदम तीन विमानं उतरली की त्या काउंटरला गर्दी होते, आणि तुमच्या दिवसातला सर्वांत मौल्यवान ऐवज उजेड आहे. केनिया विषुववृत्तावर आहे, बारा महिने सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो आणि मग झपकन अंधार होतो. अंधाराआधी खोलीत पोचणं हे एम-पेसापेक्षा मोठं काम. अशा वेळी फक्त सिम आणि डेटा घ्या, टॅक्सीला रोख द्या आणि एम-पेसा दुसऱ्या दिवशी वेस्टलँड्सच्या सरित सेंटरसारख्या मॉलमधल्या सफारीकॉमच्या दुकानात पासपोर्ट घेऊन करा. तिथे बसायला खुर्ची असते आणि सामान खोलीत असतं.

टॅक्सी ॲपवरूनच: उबर आणि बोल्ट दोन्ही चालतात. दाराबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत बॅगेला हात घालणाऱ्यांना हसून नकार द्या आणि बॅगेवरचा आपला हात काढू नका. कुणी ढकलगाडी ओढू लागला तर त्याचे पैसे मागणारच. जोमो केन्याट्टा विमानतळाच्या इमारती वेगवेगळ्या आहेत, म्हणून चालकाला आपण कुठल्या इमारतीच्या दारात उभे आहोत ते पाटी वाचून सांगा. पाटीचा क्रमांक १ नंतर अक्षर असा असतो. गाडी आली की नंबर जुळवा. तिथल्या पाट्यांवर के पासून सुरू होणारी तीन अक्षरं, मग तीन आकडे आणि शेवटी एक अक्षर असतं. शेवटचं अक्षरही जुळायला हवं, लोक ते सोडून देतात.

चालक ‘एक्सप्रेसवे?’ विचारेल. हो म्हणा. २०२२ ला सुरू झालेला हा २७ किलोमीटरचा उन्नत रस्ता म्लोलोंगोपासून थेट वेस्टलँड्सला उतरतो, तुमच्या खोलीच्या दिशेनेच. खालचा मोम्बासा रोड संध्याकाळी साडेचारनंतर तुंबतो आणि वीस मिनिटांचे दीड तास होतात. टोल प्रवाशाने द्यायचा असतो, बरेचदा तो ॲपच्या भाड्यात धरलेला नसतो, म्हणून आधीच विचारून घ्या. टोल धरून दीड-दोन हजार शिलिंगची तयारी ठेवा. चालक फोन करून ‘फेरी रद्द करा, रोख द्या’ म्हणाला तर दुसरी गाडी मागवा. रद्द केलेल्या फेरीचा मार्ग कुणाकडेच नोंदलेला राहत नाही.

गाडीत फोन मांडीवर, खिडकीशी नाही. काच वर. सिग्नलला थांबलेल्या गाडीतून फोन हिसकावणं हा नैरोबीतला नेहमीचा प्रकार आहे, आणि नव्या माणसाच्या हातात नकाशा उघडा असतोच.

आता पत्ता. नैरोबीत घर क्रमांकाने नाही, इमारतीच्या नावाने आणि फाटकाने सापडतं. खोलीमालकाकडून चार गोष्टी आधीच मागवून ठेवा: नकाशावरची खूण, इमारतीचं नाव, घराचा क्रमांक, फाटकावरच्या पहारेकऱ्याला तुमचं नाव कळवल्याची खात्री. तिथे पहारेकऱ्याला ‘अस्कारी’ म्हणतात. यादीत नाव नसेल तर तो फाटक उघडत नाही आणि त्याचं बरोबरच असतं. मालकाचा फोन लागेपर्यंत मग दोन बॅगा घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागतं.

खोलीत गेल्यावर बाथरूममधला शॉवर नीट पाहा. टाकीचा गीझर क्वचित, बहुतेक ठिकाणी शॉवरच्या तोंडातच तापवणारी तार बसवलेली असते. दाराबाहेर किंवा वर उंचावर मोठं बटण असतं, लाल दिव्याचं. हात कोरडा असताना ते लावायचं, मग नळ सोडायचा. पाणी कोमटच येत असेल तर नळ थोडा बारीक करा: तार तेवढीच तापते, पाणी कमी गेलं की ते जास्त गरम होतं. फार बारीक केलं तर दाबाअभावी तार चालूच होत नाही, एकदम गार पाणी येतं. शॉवरवरची हिवाळा-उन्हाळ्याची कळ पाणी चालू असताना फिरवू नका, तार जळते. आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग खराब आहे. कोरड्या हाताने बटण बंद करा, त्या दिवशी बादली वापरा आणि मालकाला कळवा.

प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. आपले गोल पिनांचे चार्जर बसत नाहीत. व्होल्टेज २४०, त्यामुळे नुसता अडॅप्टर पुरतो. तो इथूनच घ्या, कारण पहिल्या रात्री फोन चार्ज झाला नाही की बाकीचं सगळं अडतं. नळाचं पाणी पिऊ नका. वाटेत पाच लिटरचा पाण्याचा कॅन घ्या, दात घासायलाही तेच.

मेच्या शेवटी नैरोबी गार असतं. शहर सतराशे मीटरच्या वर आहे आणि जून ते ऑगस्ट रात्री बारा अंशांपर्यंत उतरतं. स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. किसुमूला त्याची गरज नाही.

प्लास्टिक: बंदी कडक आहे. २८ ऑगस्ट २०१७ पासून कॅरीबॅगवर बंदी, कायद्यात दंड चाळीस लाख शिलिंगपर्यंत आणि चार वर्षांपर्यंत कैद आहे. प्रवाशाची बॅग उलथून कुणी शोधत नाही सहसा, पण ड्यूटी फ्रीची पिशवी आणि घरून गुंडाळून आणलेल्या कॅरीबॅगा घेऊन उतरू नका. कपडे-चपला कापडी पिशव्यांत बांधा. कारखान्यात सीलबंद केलेलं पाकीट चालतं. लोणचं घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणी कपड्यांच्या मधोमध, मेतकूट डब्यात. कढीपत्ता आणि मेथीचे दाणे मात्र घरीच ठेवा. ताजा पाला, फळं, रुजू शकणारं बी यांना झाडांच्या रोगांमुळे आयात परवाना लागतो. दोन्ही वस्तू वेस्टलँड्सला लागूनच असलेल्या पार्कलँड्सच्या भारतीय किराणा दुकानांत मिळतात, आणि किसुमूतही भारतीय वस्ती जुनी आहे.

---

निरगुडी

आरोग्याचं बोलायचं राहिलंय आणि तुम्ही किसुमूला जाताय, म्हणून हे मनावर घ्या.

नैरोबीत मलेरियाचा धोका फार कमी. किसुमू, सियाया, होमा बे, बुसिया हा व्हिक्टोरिया सरोवराकाठचा पट्टा मात्र देशातला सर्वांत जास्त मलेरियाचा, आणि मोठ्या पावसाळ्यानंतरचे मे ते ऑगस्ट हे महिने त्यातही वाईट. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा आहे, क्लोरोक्विनला दाद न देणारा. घरातल्या कुणी ‘आपल्या नेहमीच्या गोळ्या ने’ म्हटलं तर त्या प्रतिबंधाला उपयोगी नाहीत.

डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यांपैकी एक देतील. दोन्ही मलेरियाच्या भागात शिरण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायच्या. म्हणजे तुमच्या वेळापत्रकात नैरोबीतली पहिली संध्याकाळ हीच शेवटची सुरक्षित वेळ. पण मी म्हणेन आठवडाभर आधी घरीच सुरू करा, सोसत नसेल तर बदलायला वेळ मिळतो. डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. प्रवासातून थकून आल्यावर गोळी गिळून लगेच झोपणं इथेच नडतं. तिने ऊनही जास्त लागतं. ती परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची, दुसरी सात दिवस. परतल्यावर बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडणारे पुष्कळ, आणि आजारी पडतात तेच.

गोळ्या घेऊनही ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी. घरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना केनियाचं नाव आधी सांगा.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य. एक डोस आयुष्यभर चालतो. थेट मुंबईहून जाताना केनियाच्या नियमाने ते लागत नाही, म्हणून लोक टाळतात आणि परतताना अडकतात: केनियाहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. केंद्रं मोजकी आहेत आणि वेळ आधी घ्यावी लागते, तेव्हा महिनाभर आधीच बघा. प्रमाणपत्रावरचा पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर तपासा. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्या. विम्याचा क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा. खाजगी रुग्णालयं दाखल करण्याआधी अनामत मागतात, आणि तेव्हा फोन बंद पडलेला असू शकतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या पाण्यात पाय घालू नका, काठच्या उथळ पाण्यातही नाही. गोगलगायींमधून येणारा बिल्हार्झियाचा कृमी त्वचेतून शिरतो, त्यासाठी जखम असावी लागत नाही.

पहिल्या रात्रीचं जेवण: चपाती, मुगाची ‘न्देंगू’ आणि ‘सुकुमा विकी’ ही पालेभाजी. शाकाहारी असाल तर सुकुमात मांसाचा रस्सा घातलाय का ते विचारा. गरम, समोर वाढलेलं खा. कापलेली फळं आणि सॅलड आठवडाभर नको.

---

गलबत

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

१ जूनला मदाराका दिन असतो, देशभर सुट्टी. मे अखेरीस उतरून दुसरा दिवस तोच येत असेल तर बँक आणि सरकारी कचेऱ्या बंद. मॉल उघडे असतात. पासच्या कामासाठी न्यायो हाउसला, म्हणजे इमिग्रेशनच्या मुख्य कचेरीत, जायचं असेल तर तारीख त्याप्रमाणे धरा. आणि २५ जूनला २०२४ आणि २०२५ मध्ये, तर ७ जुलैला २०२५ मध्ये शहराच्या मध्यभागी निदर्शनं झाली, रस्ते बंद झाले होते. परतीचा किंवा नैरोबीचा प्रवास त्या तारखांना ठेवू नका.

किसुमूचं विमान कुठून सुटतं ते तिकिटावर पाहा. नैरोबीत दोन विमानतळ आहेत. एनबीओ म्हणजे जोमो केन्याट्टा, डब्ल्यूआयएल म्हणजे विल्सन, आणि दोन्हींमध्ये गर्दीच्या वेळी तासाभराचं अंतर पडू शकतं. लहान विमानांत सामानाची मर्यादाही कमी असते. उड्डाण पाऊण तासाचं, बसने नाकुरू-केरिचोमार्गे सात-आठ तास. बस घेतलीत तर दिवसाचीच.

---

रानजाई

संस्थेचं उत्तर आलं. पासचा अर्ज तेच करणार आहेत, माझ्याकडून पासपोर्टची प्रत, फोटो आणि महाविद्यालयाचं पत्र मागवलं आहे. शेवटचं एकच विचारते. त्यांच्या समन्वयक बाईंनी फोनवर ‘सोमवारी साआ म्बिली’ला बोलू असं काहीतरी म्हटलं. मी दोन वाजता असं समजले. बरोबर आहे ना?

---

तांबडं_फुटलं

नाही, सकाळी आठ! स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा, आणि संध्याकाळी सातला पुन्हा एकपासून सुरुवात. इंग्रजीत सांगितलेली वेळ आपल्यासारखीच असते, स्वाहिलीत सांगितली की सहा तास मिळवायचे. बसच्या वेळेलाही हेच लागू, म्हणून वेळ नेहमी संदेशात लिहून मागा. आणि त्या फोनचा सोमवार तुम्ही निघण्याआधीचा असेल तर लक्षात ठेवा, केनिया भारताच्या अडीच तास मागे आहे. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे तुमचे साडेदहा.